टेस्टोस्टेरॉन देऊन जोडी जमत नाही

नाशिकमध्ये बजी आणि फिंच हे पिंजऱ्यातले छोटे पक्षी पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: नराचं गाणं, नाच, मादीमागे लागणं हे सगळं वृषणातल्या टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकामुळे होतं, ते रक्तात जितकं जास्त तितका जोर जास्त, मेंदू फक्त हुकूम पाळतो, दोष नराचाच, म्हणून जोडी अंड्यावर येत नसेल तर नराला टेस्टोस्टेरॉन द्या. सुरुवात अर्धी खरी आहे. शेवटचा सल्ला मात्र पक्ष्याच्या मुळावर येणारा आहे.

‘सगळं वृषणातून येतं.’ बेर्टहोल्ड या शास्त्रज्ञाने १८४९ साली खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले आणि बांग, तुरा, माद्यांची ओढ सगळं टिकलं. हे खरंच आहे. पण नराच्या मेंदूत अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि ते टेस्टोस्टेरॉनपासून एस्ट्रोजेन बनवतं, तेच ज्याला आपण मादीचं संप्रेरक म्हणतो. जपानी लाव्याच्या (बटेर) खच्ची नराला टेस्टोस्टेरॉन दिलं की तो पुन्हा मादीवर चढतो. सोबत अरोमाटेज रोखणारं औषध दिलं, तर रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असूनही चढणं थंडावतं. नुसतं एस्ट्रोजेन दिलं तर चढणं परततं, पण बांग परतत नाही, कारण बांगेला अँड्रोजेनच, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखं नर-संप्रेरकच लागतं. झेब्रा फिंचच्या नरात तर एस्ट्रोजेनचा मुख्य कारखाना मेंदूच आहे, हे श्लिंगर आणि अर्नोल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवलं.

‘रक्तात जास्त, तितका जोर जास्त.’ नाही. मेंदूतल्या अरोमाटेजचं काम काही मिनिटांत वरखाली होतं. रक्ताच्या तपासणीत ते दिसतही नाही. उत्तर अमेरिकेतल्या साँग स्पॅरो या चिमणीसारख्या पक्ष्याचा नर शरद ऋतूत, वृषणं आक्रसलेली असतानाही, हद्दीसाठी भांडतो. तेव्हा त्याचा मेंदू डीएचईए या कच्च्या मालापासून स्वतःच संप्रेरक बनवतो.

‘मेंदू हुकूम पाळतो.’ हुकूम तर मेंदूच सोडतो. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातून जीएनआरएच हे संप्रेरक सुटतं, त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडते, मग वृषण किंवा अंडाशय जागं होतं. उलट ब्रेक लावणारं जीएनआयएच जपानी लाव्यातच, २००० साली, त्सुत्सुई यांच्या गटाला सापडलं. दिवस किती मोठा आहे हे पक्ष्याचा मेंदू कवटीतून झिरपणाऱ्या उजेडावरूनही ओळखतो, डोळे झाकले तरी. नाशिकचा दिवस डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास, जूनमध्ये सव्वातेराच्या पुढे. तेवढा फरक मेंदूला इशारा म्हणून पुरतो, पण पाऊस, कोवळं गवत आणि किडे यांचा हिशोबही त्यात धरला जातो. नांदूर मधमेश्वरच्या काठी सुगरणीचा नर पावसाळ्यात अर्धवट घरटं विणून मादीच्या पसंतीची वाट बघतो, ती म्हणते तेव्हा पुढचं.

‘दोष नराचाच.’ लेहरमन या शास्त्रज्ञाच्या कबुतरांवरच्या प्रयोगांत काचेपलीकडे घुमणारा नर नुसता दिसला, तरी मादीचं अंडाशय वाढू लागलं. म्हणजे मादीचा मेंदूही तयार व्हावा लागतो. नुसता नर गरम करून उपयोग काय?

आता त्या सल्ल्याकडे. टाकी भरली की फ्लोट पाणी बंद करतो, तसं बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू एलएच आखडतो. मग पक्ष्याचं स्वतःचं वृषण मंदावतं, शुक्राणू घटू शकतात. जंको या चिमणीवर्गीय पक्ष्यात टेस्टोस्टेरॉन वाढवलेले नर पिल्लांना कमी भरवतात, हेही दिसलंय. गोळी फोडून पाण्यात टाकली तर मात्रा कोणी किती प्याली, याचा ठावठिकाणा नाही, आणि तेच पाणी मादीही पिते.

जोडी अंड्यावर येत नसेल तर आधी लिंग तपासा. प्रौढ बजीत चोचीवरची मेणट त्वचा (‘नाक’) नरात निळी, मादीत तपकिरी. पांढऱ्या-पिवळ्या जातींत नराची गुलाबी-जांभळी राहते, म्हणून तिथे फसगत होते. दोन माद्या ‘जोडी’ म्हणून विकल्या जातात, हे सर्रास घडतं. मग टायमर लावून रोज १३-१४ तास उजेड, वीज गेली तरी वेळ तीच ठेवा. घरट्यासाठी मटका किंवा पेटी साधारण ६×६×९ इंच, भोक दीड इंच. समुद्रफेस, राळे, भिजवलेलं धान्य आणि उकडलेलं अंडं द्या. गोंगाट आणि रोजची हलवाहलव थांबवा.

आणि निळ्या नाकाच्या नराचं नाक तपकिरी पडू लागलं, तर तो ‘गरम’ होत नाहीये. वृषणात गाठ होऊन एस्ट्रोजेन वाढल्याची ती खूण असू शकते. अशा नराला काहीही पाजू नका. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या, आणि तेही त्याचं वजन उतरायच्या आत.