कवितेच्या पुस्तकाला रिव्ह्यू मागताना

या आठवड्यात तीन मेसेज आले, तिन्ही कवींचे, आणि तिन्हीत एकच प्रश्न की स्वतःच काढलेल्या संग्रहाला रिव्ह्यू कसे मिळवायचे. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथेच लिहिते.

माझा पहिला संग्रह मी स्वतः काढला, मुखपृष्ठापासून प्रुफं तपासण्यापर्यंत सगळं, आणि पुस्तक हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात जे केलं ते तुम्ही करू नका. फोनमधल्या दीडशेएक लोकांना एकच मेसेज फॉरवर्ड केला, खाली लिंक आणि शेवटी "जमल्यास रिव्ह्यू द्या". रिप्लाय धडाधड आले, अभिनंदन, खूप खूप शुभेच्छा, फुलांचे इमोजी. पण पुस्तक वाचून लिहिलेलं एक वाक्य नाही. तेव्हा फार मनाला लागलं, आज कळतंय की सगळ्यांना सांगितलेलं काम कुणाचंच नसतं.

मग एकेकाला लिहायला लागले. म्हणजे असं, "तुम्ही मागे घर सोडण्याबद्दल लिहिलं होतंत, माझ्या संग्रहात पान ३१ पासून त्यावरच्या चार कविता आहेत, तेवढ्याच वाचल्यात तरी चालेल, आवडल्या नाहीत तर तसं लिहा". बारा जणांना असं पाठवलं, पाच जणांनी लिहिलं. महिन्याभराने एकदा आठवण करायची, एकदाच, नंतर विषय सोडून द्यायचा.

आणि कवितेचं एक वेगळं असतं बघा, कादंबरी वाचलेला माणूस निदान गोष्ट काय आहे ते तरी सांगतो, कवितेपुढे चांगले चांगले वाचणारेसुद्धा "मला कवितेतलं काही कळत नाही हो" म्हणून मागे सरतात. त्यांना आवडलेलं असतं, पण परीक्षण म्हटलं की प्रतिमा, आशय, अभिव्यक्ती असले शब्द वापरावे लागतील अशी भीती वाटते. मी त्यांना सांगते की समीक्षा नको, जिथे थांबलात ती एक ओळ उतरवून काढा आणि का थांबलात ते आपल्या भाषेत लिहा. यातून जे येतं ना ते इतकं सुंदर असतं, आणि ते वाचून नवा माणूस पुस्तक उघडतो, कारण रिव्ह्यूत त्याला कवितेची एक खरी ओळ भेटलेली असते. "अप्रतिम, संग्रही असावं असं पुस्तक" वाचून कुणी उघडत नाही.

घरच्यांचं म्हणाल तर अ‍ॅमेझॉनवर नातेवाईकांचे आणि जवळच्या मित्रांचे रिव्ह्यू चालत नाहीत, तू माझ्यावर लिही मी तुझ्यावर लिहिते हेही नाही, पैसे देऊन तर नाहीच. फुकट प्रत देता येते, पण बदल्यात रिव्ह्यू दिलाच पाहिजे अशी अट घालता येत नाही. नियम नसता तरी मी हेच म्हटलं असतं. विकत घेतलेले वीस रिव्ह्यू एकाच साच्यातले दिसतात आणि वाचणाऱ्याला ते दुसऱ्या ओळीतच कळतं.

यावर कुणीतरी अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनचं उदाहरण देतंच. त्याने १८५५ मध्ये बारा कवितांचं पुस्तक स्वतःच काढलं आणि नाव न देता त्यावर स्वतःच कौतुकाची परीक्षणं लिहून छापून आणली, हे खरं आहे. इमर्सनने, म्हणजे तेव्हाच्या नामवंत अमेरिकन लेखकाने, त्याला खासगी पत्रातून अभिनंदन कळवलं, तर १८५६ च्या आवृत्तीत त्यातलं वाक्य त्याने न विचारता थेट पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापलं. मोठा कवी, पण हे मला पटत नाही. आणि आज ती स्वतः लिहिलेली परीक्षणं कोण वाचतं, लोकांना आठवतं ते इमर्सनचं पत्र, कारण त्या माणसाने पुस्तक खरोखर वाचलं होतं. तेव्हा कुणी तुम्हाला पर्सनल मेसेजमध्ये छान लिहिलं तर स्क्रीनशॉट टाकायच्या आधी विचारा, दोन मिनिटांचं काम आहे.

मला मिळालेला सगळ्यात मोलाचा रिव्ह्यू एका अनोळखी वाचकाचा आहे, पाचपैकी तीन स्टार. विहिरीवरच्या एका कवितेत माझी ओळ होती, "दोर संपला तरी हात अजून सोडतोच आहे". त्यांनी लिहिलं की "अजून" काढा, "सोडतोच" मध्ये ते आलेलंच आहे. दिवसभर राग आला, काही रिप्लाय दिला नाही ते बरंच झालं. रात्री प्रत काढली, पेन्सिलने शब्द खोडला आणि मोठ्याने वाचलं. दोर संपला तरी हात सोडतोच आहे. चार वर्षं ती कविता माझ्याजवळ होती आणि मला ते ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या आवृत्तीत तो शब्द नाहीये. रिव्ह्यू तसाच आहे, तीन स्टारचा, आणि कुणी विचारलं की पुस्तक कसं आहे तर मी आधी तोच पाठवते.