चहाचं कूपन म्हणजे भरपाई नव्हे

जादा बुकिंगमुळे (आसनांपेक्षा जास्त तिकिटं विकल्याने) विमानात जागा नाकारली तर भरपाई मिळते, असं तुमच्या लेखात आहे. पण ती मागावी लागते, हे ठळक लिहायला हवं होतं. मुंबईहून बेळगावच्या सांबरा विमानतळावर येताना माझ्या आईला असंच थांबवलं. कन्फर्म तिकीट, वेळेत हजर, तरी "उद्या पाठवतो" म्हणत चहाचं कूपन दिलं. ते मुठीत धरून बिचारी रात्रभर खुर्चीवर बसली! खरं तर विमान कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे कोण, हे विचारायचं असतं. तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं नाही, पण २४ तासांच्या आत नेलं, तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन शुल्क यांच्या बेरजेच्या दुप्पट भरपाई, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. बेळगावकरांनो, काउंटर सोडण्याआधी जागा नाकारल्याचं लेखी घ्या. आमच्याकडे तेवढंच नव्हतं.