दहाव्या दिवशीचा फोन

इंग्लंडमधून पाहताना भारतातला औषधविक्रीचा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: दुकानातून की ऑनलाइन? २०१८मध्ये केमिस्टांनी ऑनलाइन विक्रीविरोधात देशभर बंदही पाळला. त्यांची धास्ती खरी आहे. पण घरी आलेली गोळी पोटात जाते का, हे दोन्हीपैकी कुणीच विचारत नाही. विकसित देशांतही दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३मध्येच नोंदवलं होतं.

इथे २०११पासून 'न्यू मेडिसिन सर्व्हिस' आहे. ठरावीक आजारांवर नवं औषध सुरू झालं की फार्मासिस्ट ७ ते १४ दिवसांत रुग्णाशी बोलतो, पुढे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. या कामाचे त्याला सरकारी आरोग्यसेवेकडून वेगळे पैसे मिळतात. संगणक फक्त तारखेची आठवण करून देतो. ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने पाय सुजलेत किंवा रॅमिप्रिल या दुसऱ्या गोळीने कोरडा खोकला लागलाय म्हणून गोळी सोडलेल्या माणसाला रोज सकाळी मेसेज पाठवून काय होणार? तो विसरलेला नाही, त्याने ती बंद केली आहे.

आपल्याकडच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये निम्मी माहिती आधीच असते. त्यात 'रोज किती' हा एक रकाना हवा. १ जूनला ३० गोळ्या नेल्या, रोज एक, आणि पुढची खरेदी १० जुलैला. म्हणजे ३९ दिवसांपैकी ३० दिवसांचंच औषध हाताशी होतं, ७७ टक्के. साधारणपणे ८० टक्क्यांखाली गेलं की चौकशी करावी.

पण हा आकडा फसवतो. ब्रँड बदलला की सॉफ्टवेअर वेगळं औषध समजतं, म्हणून हिशेब मूळ घटकावर, म्हणजे जेनेरिक नावावर, लावायला हवा. अर्धी स्ट्रिप दुसऱ्या दुकानातून घेतलेली असते. मोबाइल नंबर मुलाचा असतो, त्यामुळे आठवण भलत्याच माणसाला जाते. मेसेजमध्ये औषधाचं नाव तर कधीच नको. खंड दिसला की आरोप न करता फोन करावा. "गोळ्या वेळेवर घेता ना?" याला उत्तर ठरलेलं: हो. "गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?" असं विचारलं की माणूस बोलतो.

क्षयरोगासाठी भारताने मिस्ड कॉलवरची ९९डॉट्स पद्धत वापरलीच आहे: गोळी काढली की पाकिटातला लपलेला नंबर दिसतो, त्यावर कॉल द्यायचा. तंत्रज्ञान आपल्याला नवं नाही. दुकानदाराची कमाई मात्र फक्त विक्रीच्या मार्जिनवर आहे. दहाव्या दिवशीच्या फोनवरच्या त्या दहा मिनिटांचे पैसे सरकारी योजना किंवा विमा कंपनीने द्यावेत, ही मागणी केमिस्ट संघटनांनी लावून धरली पाहिजे.