ड्यूकला बायको हवी असते की इस्टेटीला सून?

रीजन्सी काळातल्या प्रेमकथांना सध्या आपल्याकडेही भलतीच मागणी आहे. ओटीटी उघडावं तर गुडघ्यापर्यंत बूट चढवलेला कुणीतरी देखणा ड्यूक नाचघराच्या खांबाला टेकून उभा. सगळ्या लंडनच्या पोरी त्याच्यासाठी झुरतायत आणि हा मात्र खऱ्या प्रेमाची वाट बघतोय. मीही या कथा आवडीने बघते, खोटं कशाला सांगू? पण त्यातला तो वारसदार जो स्वतःच्या मर्जीचा मालक म्हणून मिरवतो, ते काही केल्या पचनी पडत नाही. माझं मत विचाराल तर त्या लग्नाच्या बाजारात थोरल्या मुलाइतका बांधलेला प्राणी दुसरा नव्हता. बायको त्याला हवी होती की नाही हा प्रश्न नंतरचा. इस्टेटीला सून हवी होती, तीही पैसे घेऊन येणारी.

रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०. तिसऱ्या जॉर्जचं डोकं कायमचं बिघडलं म्हणून त्याच्या थोरल्या मुलाने रीजंट होऊन कारभार पाहिला, ती नऊ वर्षं. याच नऊ वर्षांत आपल्याकडे पेशवाई बुडाली. तेव्हा त्या झुंबरांच्या उजेडात नाचणारी मंडळी आपल्याला अगदीच परकी नाहीत. त्यातल्या एका घराण्याशी तर आपली चांगलीच जुनी ओळख आहे, त्याकडे येतेच.

आधी जमिनीचं बघू. थोरल्या मुलाला सगळं मिळायचं हे आपण ऐकून असतो. पण मिळायचं म्हणजे काय? बड्या घराण्यांच्या जमिनी 'स्ट्रिक्ट सेटलमेंट' नावाच्या दस्तात बांधलेल्या असत. मुलगा २१ वर्षांचा झाला की बाप आणि वकील कागद घेऊन समोर बसायचे. आपण दोघं मिळून इस्टेट पुढच्या पिढीसाठी पुन्हा बांधून टाकू, त्या बदल्यात तुला आजपासून वर्षाला अमुक इतकी रक्कम चालू. सही केली नाही तर बाप जिवंत असेपर्यंत खिसा रिकामा. विशीतला पोरगा, डोक्यावर शिंप्याची आणि घोडेवाल्याची बिलं. तो सही करणार नाही तर काय करणार? सही झाली की तो हयातीपुरता उपभोग घेणारा. आपल्याकडच्या भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीसारखं प्रकरण समजा, सातबाऱ्यावर नाव दणदणीत, पण विकायला गेलात तर हात बांधलेले.

बरं, ही जमीन मोकळी तरी असायची का? तिच्यावर विधवा आईची वार्षिक नेमणूक, बहिणींचे हुंडे, धाकट्या भावांचे वाटे, आजोबांनी केलेली गहाणं असे एकावर एक बोजे. उत्पन्न कागदावर भरपूर आणि रोकड नाही. ती कुठून यायची? सुनेच्या हुंड्यातून. तिच्या बापाने दिलेले पैसे बऱ्याचदा थेट नवऱ्याच्या बहिणींच्या हुंड्यात जायचे, आणि त्या बहिणी ते घेऊन तिसऱ्याच इस्टेटीचं कर्ज फेडायला रवाना. आपल्याकडे एका लग्नात आलेली पैठणी दुसऱ्या लग्नात फिरते, तोच न्याय. फक्त आकडे हजारो पौंडांचे.

त्या बदल्यात मुलीला काय? तर 'जॉइंचर'. नवरा आधी गेला तर तिला इस्टेटीतून दरवर्षी मिळायची रक्कम. ढोबळ हिशेब दहास एक, म्हणजे १० हजार पौंड आणलेस तर वैधव्यात वर्षाला १ हजार. शिवाय संसार चालू असताना हातखर्चाची 'पिन मनी'. शिवाय अजून जन्माला न आलेल्या धाकट्या मुलांना किती द्यायचं, तेही आधीच ठरलेलं. या याद्या करण्यात दोन्हीकडच्या वकिलांचे आठवडेच्या आठवडे जायचे. पडद्यावर एवढं सगळं दाखवतात, पण चष्मा लावून दस्ताचा मसुदा वाचणारा मुलीकडचा वकील काही दिसत नाही. माझ्या लेखी सगळ्या गोष्टीतलं सर्वांत कामाचं पात्र तेच. कारण लग्न लागलं की कायद्याने बायकोचं वेगळं अस्तित्वच संपायचं. तिची रोकड, दागिने, जंगम मालमत्ता सगळं नवऱ्याचं. तिच्यासाठी काही शिल्लक राहायचं ते या वकिलाने लिहून ठेवलं असेल तेवढंच.

दाखवायचा कार्यक्रम लंडनच्या सीझनमध्ये. पार्लमेंटचं अधिवेशन चालू असलं की सरदार मंडळी शहरात, आणि ईस्टर उलटल्यावर खरी धामधूम. ऑगस्टमध्ये ग्राउस पक्ष्यांची शिकार सुरू व्हायची, त्याच्या आत जमलं तर जमलं, नाहीतर पुढच्या वर्षी. मुलीला आधी राणीपुढे सादर करायचं, आणि त्याचा पोशाख म्हणजे शुद्ध थट्टा. फॅशन होती छातीखाली बांधलेल्या सरळ झग्याची, पण दरबारात जुन्या पद्धतीचा रुंद हूप, म्हणजे झग्याखालचा सांगाडा, सक्तीचा. म्हणजे घेर कमरेऐवजी थेट छातीखालून सुरू, आणि डोक्यावर शहामृगाची पिसं! चौथ्या जॉर्जने १८२० मध्ये ही सक्ती काढली तेव्हा किती आयांनी सुस्कारा सोडला असेल.

मग बुधवारी रात्री किंग स्ट्रीटवरचं ऑलमॅक्स नावाचं नाचघर. तिथे कुणाला येऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या सगळ्या बायका. लेडी जर्सी, लेडी कॅसलरे, लेडी कूपर, रशियन राजदूताची बायको काउंटेस लिव्हेन. नुसता पैसा असून भागायचं नाही, या बायकांनी मान डोलवावी लागे. खायला काय, तर पातळ कापलेला पाव-लोणी, आणि प्यायला चहा नाहीतर लेमोनेड. इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत लोकांना आठवड्याला पाव-लोण्यावर नाचवणाऱ्या या बायकांचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्यांच्या नजरेत नाचणाऱ्या मुलांचे दोन सरळ वर्ग होते, थोरले आणि धाकटे. धाकट्याशी नाचायला हरकत नाही, पण त्याच्यात जीव गुंतला तर घरी बोलणी खायची तयारी ठेवायची.

आता ते ओळखीचं घराणं. १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला डब्लिनमध्ये आर्थर वेलस्ली नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने किटी पॅकेनहॅमला मागणी घातली. मुलगी राजी होती, तिच्या भावाने नकार दिला. धाकटा मुलगा, नाव ना जमीन, वर कर्ज. आर्थरने आपली व्हायोलिनं जाळून टाकली आणि पुढे हिंदुस्थान गाठला. यानंतरचं आपण शाळेत शिकलोय. १८०३ च्या एप्रिलमध्ये तो पुण्यात शिरला आणि मेमध्ये दुसऱ्या बाजीरावाला परत गादीवर बसवलं. ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबरला जालन्याजवळ असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १८०५ मध्ये परत निघाला तेव्हा गाठीला ४० हजार पौंडांहून अधिक जमले होते. त्यात लुटीतले लष्करी वाटेही आले. आता तो चालण्यासारखा मुलगा झाला होता. एवढ्या वर्षांत किटीचं तोंडही न बघता त्याने पुन्हा मागणी घातली, या वेळी भावाने हरकत घेतली नाही, आणि एप्रिल १८०६ मध्ये लग्न लागलं. तिला पाहताच "किती कुरूप झालीय ही" असं तो आपल्या भावाच्या कानाशी पुटपुटला म्हणतात. संसार पुढे जन्मभर रडतखडतच झाला.

दख्खनमधल्या लढाईचा पैसा डब्लिनमधल्या एका स्थळाला पात्र ठरवतो, ही साखळी मला कुठल्याही नाचापेक्षा जास्त बघण्यासारखी वाटते. पण ती कुणी दाखवत नाही, कारण मग नायकाच्या खिशातला पैसा आला कुठून हेही सांगावं लागेल.

याच आर्थरचा पुतण्या विल्यम, आणि त्याची कथा वाचून तर डोकंच फिरतं. कॅथरीन टायल्नी-लाँग नावाची मुलगी. वडील १७९४ मध्ये गेले, एकुलता एक भाऊ १८०५ मध्ये, शाळकरी वयात. सगळं आलं थोरल्या बहिणीकडे, म्हणजे हिच्याकडे. लंडनजवळचा वॉन्स्टेड हाऊस नावाचा अवाढव्य प्रासाद आणि एसेक्सपासून पार विल्टशरपर्यंत जमिनी. राजघराणं आणि सरदार सोडून इंग्लंडमधली सर्वांत श्रीमंत मुलगी म्हणून तिचं नाव झालं. १८११ मध्ये खुद्द राजाचा मुलगा, ड्यूक ऑफ क्लॅरन्स, तिच्या मागे लागला. या गृहस्थाला एका नटीपासून १० मुलं, आणि वीस वर्षांचा तो संसार त्याच साली मोडून हा कर्ज फेडायला बायको शोधत होता. व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. कॅथरीनने त्याला नकार दिला, इथवर शाबास. आणि मग होकार दिला तो या विल्यमला! त्याने तिचं आडनाव आपल्याला जोडून पोल-टायल्नी-लाँग-वेलस्ली असं मालगाडीसारखं नाव करून घेतलं. १४ मार्च १८१२ ला लग्न, आणि नवरदेव अंगठी आणायलाच विसरला होता म्हणे.

पुढे दहा वर्षं मेजवान्या, शिकारीची कुत्री, निवडणुकांवर उधळपट्टी. तो खासदार होता, आणि खासदाराला कर्जासाठी अटक होत नसे, म्हणून सावकार हात चोळत बसायचे. १८२० मध्ये खासदारकी गेली. १८२२ मध्ये तो युरोपात पळाला आणि वॉन्स्टेडमधल्या सामानाचा लिलाव पुकारला गेला. ३२ दिवस चालला तो. पलंग, पडदे, चित्रं, भांडी, सगळं. जमीन दस्ताने मुलांसाठी बांधलेली असल्याने तिला हात लावता येईना. मग काय केलं? तो प्रासादच पाडायला काढला आणि दगड-लाकूड म्हणून १० हजार पौंडांना विकला. तिकडे नवरा दुसऱ्याच्या बायकोबरोबर राहू लागला. कॅथरीन मुलांना घेऊन परत आली आणि १८२५ मध्ये, पस्तिशीत, गेली. जाताना मुलं आपल्या बहिणींच्या हाती सोपवून गेली. बापाने ताब्यासाठी दावा लावला, आणि न्यायाधीश लॉर्ड एल्डनने १८२७ मध्ये मुलं त्याला द्यायला नकार दिला. बापाचा हक्क म्हणजे वेदवाक्य मानण्याच्या काळात हा निकाल मोठा होता. तिच्या पश्चात लागला, एवढंच.

काही जण म्हणतील, बिचारी प्रेमात फसली. मान्य. पण या विल्यमला तरी वाढवलं कशासाठी होतं? थोरला मुलगा, पुढेमागे अर्ल होणार, तोवर हातात काही काम नको. 'जेंटलमन'ने कमवायचं नसतं, फक्त वाट बघायची. बाप मरायची, नाहीतर श्रीमंत बायको मिळायची. तेविसाव्या वर्षापर्यंत नुसतं वाट बघणाऱ्या माणसाच्या हाती एकदम एवढा पैसा दिला की काय होतं त्याचा हा नमुना. अर्ल तो झाला, १८४५ मध्ये, आणि १८५७ मध्ये लंडनच्या भाड्याच्या खोलीत मेला.

रीजंटसाहेबांचं स्वतःचं लग्नही याच जातीचं. १७८५ मध्ये मारिया फिट्झहर्बर्टशी चोरून लग्न लावलं, ते कायद्याने रद्दबातल. मग ६ लाख पौंडांवर कर्ज झालं, तेव्हा पार्लमेंट ते निस्तरेल या आशेवर १७९५ मध्ये ब्रुन्सविकच्या कॅरोलाइनला बोहल्यावर चढवलं. तिला पहिल्यांदा पाहिल्यावर हा जवळ उभ्या असलेल्या राजदूताला म्हणाला, बरं वाटत नाही, जरा ब्रँडी आणा. एक मुलगी झाली आणि संसार आटोपला.

आणि जो खरोखर पडद्यावरच्या नायकासारखा होता, त्याचं काय झालं? डेव्हनशरचा सहावा ड्यूक. २१ व्या वर्षी, १८११ मध्ये, रीतसर रीजन्सी सुरू होतानाच गादीवर आला. चॅट्सवर्थसकट अनेक वाडे, आयर्लंडमध्ये किल्ला, डोक्यावर बाप नाही, कुणाची परवानगी नको. लंडनमधल्या आयांनी त्याच्यासाठी काय काय केलं असेल! त्याने लग्नच केलं नाही. 'बॅचलर ड्यूक' म्हणूनच नाव पडलं. पैसा ओतला तो बागांवर, पुस्तकांवर, पुतळ्यांवर. त्याच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने केळीची एक ठेंगणी जात वाढवली आणि तिला ड्यूकच्या घराण्याचं कॅव्हेंडिश हे नाव दिलं. जळगावकरांनो, तुमची जी-नऊ याच कॅव्हेंडिश गटातली. पोटी वारस नसलेल्या माणसाचं आडनाव आज रावेर-यावलच्या मळ्यांत आहे!

१८५८ मध्ये तो गेला तेव्हा इस्टेटीवर १० लाख पौंडांच्या घरात कर्ज होतं. ते आलं चुलत पुतण्याच्या गळ्यात. या पुतण्याचं लग्न कधीच, १८२९ मध्ये उरकलं होतं. मुलगी कोण? बॅचलर ड्यूकची सख्खी भाची.