मुद्दल कोण फेडणार ते पण लिहा

लेखात म्हटलंय की सरकारी विद्यापीठांना बिल्डिंगसाठी कर्ज काढायची कायद्याने मुभा आहे. आहे हो, पण फेडायचं कोणी? 2017 मध्ये केंद्राने कॅनरा बँकेबरोबर हेफा म्हणजे उच्च शिक्षण संस्थांना बांधकामासाठी कर्ज देणारी कंपनी काढली, आधी बांधकामाला ग्रँट मिळायची आता कर्ज, व्याजाचा मोठा भार सरकार उचलतं पण जुन्या आयआयटींना मुद्दल 10 वर्षांत स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचंय, आणि त्या उत्पन्नात पोरांची फी पण आलीच की! माझ्या मुलीच्या पावतीवर डेव्हलपमेंट फीची ओळ दरवर्षी फुगतेय आणि होस्टेलच्या रूममध्ये दोघींच्या जागी चौघी, भिंतीला ओल. बिल्डिंगा हव्यातच, पण कर्जाचा ठराव पास झाला की हप्त्यांचा तक्ता त्याच दिवशी वेबसाइटवर टाका, आईबापांना कळू दे.