आत्याचा साबण आणि घरादाराची कातडी

आत्याने घरी साबण करायला घेतला आणि घरात कुणाची त्वचा कशी आहे ते सगळ्यांना कळलं. तोवर फक्त स्वभाव माहीत होते.

साबण दिसायला देखणा. पांढराशुभ्र, टणक, आणि फेस तर मागाल तेवढा. "शंभर टक्के खोबरेल!" ही आत्याची जाहिरात. ती खरी होती, आणि गोम तिथंच होती. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. कॉस्टिक सोड्याशी गाठ पडली की त्याचा असा कडक साबण होतो, की मळ काढून झाल्यावर थांबायचं कुठे हे त्याला कळत नाही. वसुलीला आलेल्या माणसासारखा तो त्वचेचं स्वतःचं तेलही उचलून नेतो.

माझी त्वचा मुळातच कोरडी. अंग पुसलं की चेहरा असा ताणायचा, की हसण्याआधी विनोद खरंच तेवढा चांगला आहे का, ते बघावं लागे. नडगीवर नखाने रेघ ओढली की पांढरीफटक उमटे. चिरंजीवांनी तिथे फुली-गोळा मांडला. त्याचा स्वतःचा चेहरा तेलकट, त्यामुळे सुरुवातीला स्वारी खूश. मग येता-जाता तोंड धुणं सुरू झालं. मुरुमं होती तिथेच राहिली, वर नाकाची सालपटं निघू लागली.

बायकोला इसबाचा त्रास. तिने एकदाच साबण लावला आणि रात्रभर कोपर खाजवत आत्याचं नाव घेतलं, भक्तीने नव्हे. साबणाचा सामू (म्हणजे pH, आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) 9 ते 10, त्वचेचा 5 च्या आसपास, हे मी आत्याला समजावून पाहिलं.

"नैसर्गिक आहे रे! तुमच्याच कातड्या नाजूक. दादाला बघ, काही झालं का?"

बाबांना काही झालं नाही, हे खरं. पण ते उभा जन्म कपड्याच्या साबणाने अंघोळ करत आलेत. तो पुरावा कोर्टात टिकणार नाही.

खरी भानगड मापात होती. एक किलो खोबरेलाचा पुरता साबण व्हायला साधारण 183 ग्रॅम सोडा लागतो. अंगाच्या साबणात तो वीसेक टक्के कमी, म्हणजे 146 ग्रॅमच्या आसपास घालतात. थोडं तेल तेलच राहतं आणि त्वचेला जरा दया मिळते. आत्याने सोडा पुरता घातला होता. कमी घालणं तिला कंजूषपणा वाटतो.

नवी खेप मात्र बायकोने स्वतः वजनकाट्यापाशी उभं राहून करून घेतलीय. ती महिनाभर तरी वाळेल. जुन्या वड्यांनी शर्टांच्या कॉलरी इतक्या लख्ख निघतात, की काय सांगू! आत्याला सांगायची मात्र कुणाची छाती नाही.