फ्रीजरमध्ये ठेवल्यानं शेंगदाण्यातलं विष मरत नाही

माझ्या मामींचा बचत गट शेंगाचटणी करून विकतो. सोलापुरात व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज आता त्या गटातही पोचलाय. त्यात म्हटलंय: शेंगदाणे, तीळ, करडई पंधरा दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा, फवारणीचं विष मरतं. प्रयोगशाळावाले म्हणूनच नमुने गोठवतात. नाहीतर कडक ऊन दाखवा. कीड लागू नये म्हणून डब्यात सल्फासची गोळी फडक्यात बांधून ठेवा, वायू उडून जातो. आणि घाण्याचं तेल तर विषमुक्तच. मामींनी फोन करून विचारलं, “गोळी आणू का रे?” तेव्हा मात्र राहवलं नाही.

मामी, गोळी आणायची नाही. कुणीच घरात आणायची नाही. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. हवेतल्या दमटपणानं तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, 3 ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण 1 ग्रॅम. या विषावर उतारा नाही. वायू उडून जातो हे खरं, पण तो जातो ज्या खोलीत पोरं झोपतात त्याच खोलीत. गोदामात ती वापरतात प्रशिक्षित माणसं, ताडपत्रीखाली, माणसांच्या वस्तीपासून दूर, आणि नंतर हवा खेळवून. फडक्याची पुरचुंडी काहीही अडवत नाही. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना एवढंही सुचू नये?

आता फ्रीजर. प्रयोगशाळा नमुने गोठवतात, पण फवारलेल्या औषधाचा अंश आहे तेवढाच टिकावा म्हणून! ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 506 क्रमांकाची मार्गदर्शिका (2007) याच विषयावर आहे. तिच्यात जास्त तेलाच्या पिकांचा गट वेगळा धरलाय. नमुना उणे 18 अंश किंवा त्याखाली ठेवायचा, आणि 30 दिवसांपेक्षा जास्त राहिला तर त्या मुदतीत अंश टिकतो याचा पुरावा द्यायचा. क्लोरपायरिफॉससारखी कीटकनाशक औषधं पाण्यात जेमतेम विरघळतात, तेलात सहज. दाण्याच्या तेलात मुरलेलं औषध थंडीत तिथेच बसून राहतं. फ्रीजरमध्ये दाणे लवकर खवट होत नाहीत, एवढंच काय ते मान्य.

उन्हानं सालावरचा थोडाफार अंश घटतो, हेही नाइलाजानं कबूल. पण आत मुरलेल्याला ते पुरत नाही. दाणे वाळवायचे ते बुरशी आणि तिचं विष अफ्लाटॉक्सिन टाळायला. ओलावा 8 टक्क्यांच्या खाली हवा.

घाण्याच्या तेलाची चव मलाही आवडते. पण तेलात विरघळणारं औषध तेलाबरोबरच बाहेर येणार. रिफायनिंगमध्ये त्यातलं काही निघून जातं, घाण्यात तो टप्पाच नसतो.

गटाला दाणे तपासूनच घ्यायचे असतील तर नमुना घेतल्या दिवशीच गोठवा, पिशवीवर तारीख लिहा आणि बर्फाच्या पेटीतूनच पाठवा. मे महिन्यात दोन दिवस गाडीच्या डिकीत तापलेल्या नमुन्यातला अंश वाटेतच घटू शकतो. मग रिपोर्ट स्वच्छ येतो आणि पोत्यातले दाणे तसेच राहतात. आपल्याकडच्या द्राक्ष-डाळिंब निर्यातदारांना विचारा, नमुना कसा पाठवायचा ते तेही सांगतील.